‘चौघीजणी’मधली ज्यो आठवते? ती जिच्यावरून आली, तिचं तारुण्य घरची उधारी फेडण्यात गेलं

शांता शेळकेंचं ‘चौघीजणी’ तुमच्या घरात कुणी ना कुणी वाचलेलं असणार. आईनं, मावशीनं, नाहीतर शाळेतल्या मराठीच्या बाईंनी तरी. मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणी, त्यांची प्रेमळ आई आणि गरिबीतही ऊब असलेलं घर. मूळ पुस्तकाचं नाव ‘लिटल विमेन’, साल १८६८ आणि लेखिका अमेरिकेची लुइसा मे अल्कॉट.

त्यातली लिहिणारी, चटकन चिडणारी, पैशासाठी स्वतःचे केस विकून येणारी ज्यो म्हणजे बरीचशी लुइसाच. पण पुस्तकातल्या आणि खऱ्या घरात एक मोठा फरक आहे. पुस्तकात वडील युद्धावर गेलेले असतात, त्यामुळं बायकाच घर चालवतात हे ओघानं येतं.

खऱ्या घरात वडील घरीच होते.

त्यांचं नाव ब्रॉन्सन अल्कॉट. माणूस वाईट अजिबात नव्हता, उलट काळाच्या फार पुढं होता. पोरांना घोकंपट्टी न करायला लावता गप्पा मारत शिकवायचं, असं ते १८३० च्या दशकात म्हणत होते. आपल्या शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. बाकीचे पालक चिडले आणि पोरं काढून घेऊ लागले. तिचं नाव काढायला ब्रॉन्सननी नकार दिला आणि शाळा बंद पडली.

तत्त्व म्हणून याला सलामच. पण घरात लहान मुली होत्या आणि किराणा उधारीवर चालला होता.

लुइसा १० वर्षांची असताना, १८४३ च्या जूनमध्ये, वडिलांनी मित्रांबरोबर मॅसॅच्युसेट्समध्ये ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. कापूस गुलामांच्या कष्टातून येतो म्हणून सुती कपडे नाहीत. लोकर मेंढीची म्हणून तीही नाही. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत अंगावर तागाचे कपडे आणि आंघोळ गार पाण्याची! ऐन पिकाच्या वेळी पुरुषमंडळी विचारांचा प्रचार करायला बाहेर गेली होती आणि पाऊस यायच्या आत धान्य गोळा करायला आई आणि पोरीच धावल्या, असं लुइसानं पुढं विनोदी ढंगात लिहिलंय. जानेवारी १८४४ पर्यंत खेळ आटोपला.

त्यानंतर मजुरीसाठी काम करणं वडिलांना कधी मानवलंच नाही. राल्फ वाल्डो इमर्सन हे मोठे विचारवंत त्यांचे मित्र होते, ते अधूनमधून पैशाची मदत करायचे. बाकी संसार आई ॲबिगेल ओढायची. बोस्टनमध्ये ती गरिबांच्या वस्त्यांत फिरून मदत पोहोचवण्याचं पगारी काम करत होती. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या घरची अवस्था त्या वस्त्यांपेक्षा फार वेगळी नव्हती.

हे सगळं बघत लुइसा मोठी झाली आणि पंधरा-सोळाव्या वर्षापासून कामाला लागली. शिकवण्या, शिवणकाम, दुसऱ्यांच्या मुलांना सांभाळणं, धुणीभांडी, मिळेल ते.

१८५१ मध्ये, १८ वर्षांची असताना, तिला डेडहॅम गावात काम मिळालं. एका वकिलाच्या आजारी बहिणीला सोबत करायची, हलकंफुलकं काम, असं सांगितलेलं. तिथं गेल्यावर कळलं की साहेबांना आपल्या पुस्तकवाचनाला आणि भावनांना श्रोता हवाय. तिनं स्पष्ट नकार दिला. मग बर्फ उपसणं, लाकडं फोडणं, राख काढणं असली कामं तिच्या माथी आली. शेवटी बूट पॉलिश करायची वेळ आली तेव्हा ती निघाली. ७ आठवड्यांचा मोबदला निघाला ४ डॉलर.

नोकरीच्या जाहिरातीत एक आणि प्रत्यक्षात भलतंच, हा प्रकार आत्ताचा नाही तर.

या सगळ्यात ती लिहीत होती. पहिलं पुस्तक १८५४ च्या अखेरीस आलं, त्याचे ३२ डॉलर मिळाले. दर वर्षी कशातून किती कमावलं याचा हिशेब ती डायरीत मांडायची. शिवणकामाचे इतके, शिकवणीचे इतके, कथांचे इतके. आपल्याकडं लेखकाची डायरी म्हटलं की चिंतन वगैरे डोळ्यासमोर येतं. हिच्या डायरीत बहिणीच्या कपड्यांचा आणि आईच्या शालीचाही खर्च आहे.

मग आलं १८५८. धाकटी बहीण एलिझाबेथ, म्हणजे पुस्तकातली बेथ, दोन वर्षांपूर्वीच्या स्कार्लेट फीवरमधून कधी सावरलीच नाही. मार्चमध्ये ती गेली. पाठोपाठ मोठी बहीण ॲना हिचं लग्न ठरलं. लोकांना ही आनंदाची बातमी वाटली, लुइसाला मात्र आणखी एक बहीण हातातून निसटल्यासारखी वाटली. त्या शरद ऋतूत ती एकटीच बोस्टनला आली. काम मिळेना. आणि शहराबाहेरच्या मिल डॅमवर, खालच्या पाण्याकडं बघताना, आपण सगळं इथंच संपवावं असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

ती मागं फिरली. संकटाला असं घाबरून पळणं तिला भ्याडपणाचं वाटलं, असं तिनं स्वतः घरी कळवलं. त्याच सुमारास थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाचं कष्टकरी तरुणींबद्दलचं प्रवचन तिनं ऐकलं. मिळेल ते काम घ्या, मदत मागायला लाजू नका, असा त्याचा सूर होता. ती कामं मागत राहिली आणि पुन्हा मुलं सांभाळण्याचं काम मिळालं. तेव्हा ती २५ वर्षांची होती. हा प्रसंग ‘लिटल विमेन’मध्ये कुठंच नाही.

जेम्स फील्ड्स हे बोस्टनचे बडे प्रकाशक. तिची कथा वाचून त्यांनी सल्ला दिला की बाई, तू शिकवणंच धर, लिहिणं तुला जमायचं नाही. वर शाळा काढायला ४० डॉलर उसने दिले. शाळा चालली नाही. ‘लिटल विमेन’ गाजल्यावर तिनं ते ४० डॉलर परत केले आणि शिकवण्यापेक्षा लिहिण्यात जास्त पैसे आहेत असं आढळल्याचं कळवलं. असा हिशेब चुकता करण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

१८६२ मध्ये तिची तिशी पूर्ण झाली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि नर्ससाठी वयाची अट होती किमान ३०. डिसेंबरमध्ये ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊनमध्ये, युनियन हॉटेलचं रुग्णालय केलेल्या इमारतीत रुजू झाली. काही दिवसांत फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी गाड्या भरभरून आले. सहा आठवडे होत नाहीत तोच तिला टायफॉइड आणि न्यूमोनियानं गाठलं. त्या काळच्या पद्धतीप्रमाणं पारा असलेलं औषध दिलं गेलं. तापात तिचे लांबसडक केस कापावे लागले. ज्योनं केस विकले ते वडिलांसाठी. लुइसाचे केस आजारानं नेले आणि त्या वेळी न्यायला आलेले होते वडीलच.

पुढं आयुष्यभर तिला अंगदुखी, चक्कर, निद्रानाश यांनी सोडलं नाही. ती पाऱ्याला दोष द्यायची. आताच्या काही अभ्यासकांना हा ल्युपसही असावा असं वाटतं.

रुग्णालयातल्या अनुभवांवरच्या पुस्तकानं तिला नाव दिलं, पण पैसे दुसरीकडून येत होते. ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं आणि कधी बिननावानं ती सूड, फसवणूक, अफू असल्या सनसनाटी कथा लिहायची. एका कथेला १०० डॉलरचं बक्षीस मिळालं. हे गुपित १९४३ मध्ये संशोधक लिओना रोस्टेनबर्ग यांनी पुराव्यानिशी उघड केलं.

माझं मत विचाराल तर ‘लिटल विमेन’पेक्षा या कथा लिहिताना तिला जास्त मजा येत असणार. कारण मुलींसाठी पुस्तक लिही, असं प्रकाशक थॉमस नाइल्स म्हणाले तेव्हा तिला ते करायचंच नव्हतं. पण वडिलांचंही एक तात्त्विक पुस्तक त्याच प्रकाशनाकडून यायचं होतं. मुलीनं हवं ते लिहून दिलं तर त्याचं काम सोपं होणार होतं. म्हणजे इथंही घरची जबाबदारीच.

कॉन्कॉर्डमधल्या ऑर्चर्ड हाऊसमध्ये, वडिलांनी खिडक्यांच्या मधे बसवून दिलेल्या छोट्या टेबलावर तिनं काही आठवड्यांत पहिला भाग संपवला. नाइल्सनी तिला हक्क एकरकमी न विकता स्वतःकडं ठेवायला सांगितलं आणि हा सल्ला सोन्याचा ठरला. पहिल्या २,००० प्रती बघता बघता संपल्या. ज्योचं लग्न लॉरीशीच व्हायला हवं म्हणून वाचकांची पत्रं येऊ लागली. तिनं मुद्दाम ते होऊ दिलं नाही. स्वतः तर ती कधीच लग्नाच्या भानगडीत पडली नाही.

आलेल्या पैशातून तिनं घराची सगळी कर्जं फेडली, कायद्यानं बुडीत निघालेलीसुद्धा. मग धाकटी बहीण मे हिला घेऊन १८७० मध्ये युरोपला गेली. जरा श्वास घेतेय तोवर ॲनाचा नवरा वारल्याची बातमी आली. दोन भाच्यांची सोय व्हावी म्हणून तिनं तिथंच ‘लिटल मेन’ लिहायला घेतलं. १८७९ मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांत मे गेली आणि तिची तान्ही मुलगी लुइसाकडं आली. उजवा हात लिहून आखडायचा म्हणून तिनं डाव्या हातानं लिहायची सवय केली होती.

४ मार्च १८८८ ला ब्रॉन्सन गेले. दोन दिवसांनी, ६ मार्चला, वडील गेल्याचं कळण्याआधीच लुइसा गेली. वय ५५.

त्याच्या आदल्याच वर्षी तिनं ॲनाच्या एका मोठ्या झालेल्या मुलाला कायदेशीर दत्तक घेतलं होतं. कॉपीराइट वारसाकडं जावा आणि पुस्तकांचे पैसे त्याच्यामार्फत त्याची आई, भाऊ आणि मेच्या मुलीपर्यंत येत राहावेत, एवढ्यासाठी.