विहिरीतला सुरुंग आणि छातीतली कळ

बँकेत असताना विहिरीच्या कर्जाची पाहणी करायला कळंब तालुक्यातल्या शेतांवर जावे लागे. काळा पाषाण लागला की पहारीचे काही चालत नसे. मग जिलेटिनच्या कांड्या येत, माणसे लांब पांगत आणि जमीन हादरे. या कांड्यांचा जनक आल्फ्रेड नोबेल. पारितोषिकामुळे त्याचे नाव घरोघरी झाले. त्याच्या हृदयविकाराची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

नोबेल १८३३ साली स्टॉकहोमला जन्मला. सोब्रेरो या इटालियन रसायनज्ञाने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन बनवले होते. ते जिभेला लागले तरी डोके ठणके, आणि धक्का लागला तर स्फोट. सोब्रेरो भ्यायला. नोबेल भ्यायला नाही, पण त्याची किंमत घरातच मोजावी लागली. १८६४ साली त्यांच्या कार्यशाळेत स्फोट होऊन धाकटा भाऊ एमिल गेला. दुसरा कोणी असता तर हे द्रव्य पुन्हा हाती धरता ना! हा मात्र ते सुरक्षित कसे करावे याच्याच मागे लागला. सच्छिद्र मातीत मुरवून त्याने १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. जिलेटिन १८७५ चे.

डायनामाइटच्या कारखान्यांत कामगार सुटी संपवून सोमवारी आले की डोकेदुखीने बेजार होत. दोन दिवसांत सवय होई, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिकडे लंडनच्या डॉक्टर मरेलने १८७९ साली हेच द्रव्य अगदी अल्प मात्रेत हृदयशूळाच्या रोग्यांना देऊन पाहिले, आणि कळ थांबली.

१८९६ मध्ये डॉक्टरांनी तेच औषध खुद्द नोबेलला लिहून दिले. औषधविक्या घाबरू नये म्हणून त्याला ट्रायनिट्रिन म्हणत! नशिबाच्या या थट्टेची नोंद नोबेलने एका पत्रात केली. औषध मात्र घेतले नाही. ज्याने डोके दुखते त्याने छातीची कळ जाईल, हे त्याला पटेना. त्याच वर्षी १० डिसेंबरला सान रेमो येथे मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला.

त्या औषधातून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो आणि रक्तवाहिनी सैलावते, हे फेरिद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले. निरोगी रक्तवाहिनीचे अस्तर हाच वायू स्वतः तयार करते, हे १९८६ मध्ये फर्चगॉट आणि इग्नारो यांनी सांगितले. त्यावरूनच हातावर पट्टा पाच मिनिटे आवळून सोडतात आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर मोजतात. अस्तर बिघडलेले असेल तर ती कमी रुंदावते.

या तिघांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. पैसा डायनामाइटवाल्याच्या मृत्युपत्रातला, आणि समारंभाचा दिवस १० डिसेंबर, त्याच्या पुण्यतिथीचा.