कर्मवीर भाऊराव पाटील आणि एका पंगतीचे वसतिगृह

महाराष्ट्रातील कोणत्याही ज्ञातिमंडळाचा इतिहास लिहावयास घेतला, तर पहिल्या दोन-चार पानांतच वसतिगृहाचा उल्लेख येतो. खेड्यातील हुशार मुलगा शहरात शिकावयास आला. त्याला राहावयास जागा नाही, जेवावयास घर नाही. मग ज्ञातीतील चार जाणत्या गृहस्थांनी वर्गणी जमविली, एक जुना वाडा भाड्याने घेतला, एक आचारी ठेवला आणि बोर्डिंग सुरू केले. आज वकील, डॉक्टर, प्राध्यापक म्हणून मिरविणाऱ्या कित्येक घराण्यांचा मूळपुरुष अशाच एखाद्या वाड्यातील कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून पुढे आलेला आहे. म्हणून ज्या थोर पुरुषाने आपले अवघे आयुष्य वसतिगृहांसाठी वेचले, त्याच्या चरित्राचे स्मरण आपल्या स्मरणिकेत करणे उचित होय. ते चरित्र आपणांस थोडे अंतर्मुख करणारेही आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे बदलीच्या गावी कुटुंबाचे बिऱ्हाड फिरत असे. मुलगा अंगाने धिप्पाड, कुस्तीचा शौकीन, स्वभावाने निर्भय. मात्र पुस्तकी अभ्यासात त्याचे मन फारसे रमत नसे. पुढे शेकडो शाळा काढणाऱ्या या पुरुषाला स्वतःला मॅट्रिकची पायरीही ओलांडता आली नाही.

शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले तेव्हा ते शहर वसतिगृहांचे शहर बनू लागले होते. त्यामागे राजर्षी शाहू छत्रपतींची दूरदृष्टी होती. महाराजांनी प्रथम १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु त्या काळी सोवळ्याओवळ्याचा पगडा एवढा होता की, अल्पावधीतच ते नावापुरतेच सर्वांचे राहिले. ज्यांच्यासाठी महाराजांचा जीव तुटत होता ती शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची मुले बाहेरच राहिली. तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग धरला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. पुढे लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे दरबारच्या जागा आणि देणग्या यांच्या आधाराने उभी राहिली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची काळजी वाहावी, आणि मुले शिकून शहाणी झाली म्हणजे भिंती आपोआप खाली येतील, असा त्यातील हेतु होता. भिंती बांधाव्यात हा हेतु नव्हता. जेथे काहीच नव्हते तेथे निदान एक छप्पर व्हावे, एवढाच होता.

भाऊराव जैन बोर्डिंगात दाखल झाले. बोर्डिंगचे नियम कडक होते. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्या समारंभास तरुण भाऊराव गेले आणि परत आले. अस्पृश्यांच्या मेळाव्यातून आल्यामुळे स्नान करून शुद्ध व्हावे आणि मगच भोजनगृहात पाऊल टाकावे, असे त्यांस सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्याचे नाकारले. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळतो, हे त्यांच्या बुद्धीस पटेना. परिणामी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांच्याच आश्रयाने त्यांनी कोल्हापुरात काही काळ काढला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या वसतिगृहाच्या दारातून एक विद्यार्थी आपल्या सामानासह बाहेर पडला, ते काही दुष्ट माणसांनी चालविलेले वसतिगृह नव्हते. समाजाच्या उन्नतीसाठी तळमळणाऱ्या, पदरमोड करणाऱ्या सज्जनांचेच ते कार्य होते. तरीही रूढीचे ओझे त्यांच्याही खांद्यावरून उतरले नव्हते. भाऊरावांनी या प्रसंगाचा राग धरला नाही. परंतु धडा मात्र जन्मभर जपला.

राग धरला नाही, याचा पुरावा पुढे लवकरच मिळाला. शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास शिकवण्या करून राहू लागले आणि पाटील मास्तर म्हणून लोक त्यांस ओळखू लागले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गोवण्याचा घाट घातला गेला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. भाऊरावांनी ते साफ नाकारले. त्याबद्दल त्यांस तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. मनाची कोंडी एवढी झाली की, त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु खोटे बोलले नाहीत. ज्या समाजाच्या बोर्डिंगाचे दार आपणांस बंद झाले, त्याच समाजाच्या नेत्यासाठी त्यांनी एवढे सोसले.

पुढे काही वर्षे त्यांनी ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना शेतकऱ्याचे दैन्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले. लोखंडी नांगराने जमीन सुधारेल. पण सावकाराच्या वहीवर डोळे मिटून अंगठा उठविणारा शेतकरी कसा सुधारणार, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. दूधगाव येथे १९१० च्या सुमारास त्यांनी मित्रांच्या साह्याने विद्यार्थी आश्रम काढलेलाच होता. त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत. पुढील कार्याचे बीज ते हेच.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. गरीब मुलांना शिक्षण मिळावे, मागासलेल्या वर्गांत विद्येची गोडी उत्पन्न व्हावी, निरनिराळ्या जातींच्या मुलांत प्रेम वाढावे आणि त्यांनी स्वावलंबी व्हावे, असे संस्थेचे उद्देश होते. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, चांभार, रामोशी असा भेद न करता मुले घेण्यात आली. स्वयंपाक एक, पंगत एक. दळण, पाणी, झाडलोट, भांडी ही कामे पाळीपाळीने सर्वांनी करावयाची. कोणते काम कोणत्या जातीचे, हा प्रश्नच तेथे उरला नाही. मुले भाऊरावांस अण्णा म्हणत.

एवढ्या मुलांच्या पोटाची व्यवस्था करणे सोपे नव्हते. अण्णा अनवाणी पायांनी गावोगाव फिरत आणि धान्याची व पैशांची भिक्षा मागत. मागे घर सांभाळीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जुन्या वळणात वाढलेल्या या माउलीस प्रारंभी सर्व जातींची मुले घरात वावरणे जड गेले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी त्या सर्वांस पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले. अंगावरील दागिने एकामागून एक वसतिगृहासाठी गेले. एकदा अण्णा दौऱ्यावर असताना घरातले धान्य संपले, तेव्हा त्यांनी आपले मंगळसूत्रही काढून दिले आणि त्या पैशांतून मुलांची चूल पेटविली. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा परिवार त्यांस रयतमाउली म्हणून वंदन करतो, ते उगाच नव्हे.

खेड्यातील विद्यार्थ्यासाठी वसतिगृह किती अगत्याचे आहे, हे दुसऱ्या सत्रात विशेष कळते. दिवाळीची सुटी संपवून मुलगा परत येतो. माघ-फाल्गुनात परीक्षेचा अभ्यास ऐन भरात येतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतात शाळू काढणीला येतो. घरी राहणाऱ्या मुलाच्या हाती अशा वेळी पुस्तकाऐवजी विळा येतो. बापाचाही त्यात दोष नाही. हात कमी आणि पीक उभे. पुढे चैत्रात परीक्षा होते आणि नापास झालेला मुलगा कायमचा शेतावर राहतो. वसतिगृहातील मुलगा मात्र या ओढीपासून दूर असतो. त्याच्या शेजारी दुसरा मुलगा पहाटे उठून वाचीत बसलेला असतो. त्याला पाहून हाही उठतो. वर्गातील शिकवणीइतकेच हे शेजाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडते. अण्णांना हे मर्म पुरते ठाऊक होते. म्हणून शाळा काढण्याआधी त्यांनी वसतिगृह काढले. शाळा मागाहून आल्या.

१९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहून, एकत्र जेवून, आपली कामे आपण करताना पाहून गांधीजींस मोठा संतोष झाला. शाहू महाराज त्यापूर्वीच, ६ मे १९२२ रोजी, निवर्तले होते. १८९६ साली त्यांनी जे करून पाहिले आणि जे तेव्हा साधले नाही, ते त्यांच्याच नावाच्या या घरात साधले होते. पुढे १९३२ साली पुणे करार झाला, तेव्हा त्या ऐक्याचे स्मारक म्हणून अण्णांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले. पुण्याच्या महाविद्यालयांत शिकू पाहणाऱ्या खेड्यातील मुलांस त्याचा आधार झाला.

कार्याचा वृक्ष आता फोफावू लागला. संस्थेने वटवृक्ष हे आपले बोधचिन्ह ठरविले, ते सार्थच होते. १९३५ साली शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथून बाहेर पडलेले गुरुजी डोंगरकपारीतील खेड्यांत व्हॉलंटरी शाळा चालवू लागले. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय सुरू झाले. आणि देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, १९४७ च्या जूनमध्ये, छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले.

या कॉलेजात अण्णांनी वसतिगृहाचाच नियम उच्च शिक्षणास लावला. कमवा आणि शिका ही ती योजना. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने फीच्या व जेवणाच्या मोबदल्यात रोज काही तास श्रम करावयाचे. कोणी शेतात राबे, कोणी विहिरीच्या खोदाईवर जाई, कोणी खडी फोडी, कोणी इमारतीच्या बांधकामावर दगडमाती वाही. सकाळी हातात कुदळ आणि दुपारी शेक्सपिअरचे नाटक, असे दृश्य तोपर्यंत विद्यापीठीय जगाने फारसे पाहिले नव्हते. फुकटचे अन्न खाल्ल्याची लाज या विद्यार्थ्यांस बाळगावी लागली नाही आणि श्रमाचीही लाज त्यांस वाटेनाशी झाली. अशा मुलांतूनच बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे विद्वान निपजले. अण्णांच्या छत्राखाली वाढलेले हे गृहस्थ विलायतेत शिकून आले, संस्थेच्या कार्यात परतले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

संकटेही आली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात स्पष्ट बोलण्यामुळे अण्णांवर सरकारची अवकृपा झाली आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. अण्णा खचले नाहीत. गांधीजींच्या स्मरणार्थ शंभरावर एक हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प सोडला. लोकांनी धान्य दिले, जमिनी दिल्या, श्रम दिले. १९५४ साली कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. मॅट्रिक न झालेल्या पुरुषाच्या विद्यासेवेपुढे विद्यापीठ नम्र झाले. त्याच वर्षी, ९ मे १९५९ रोजी, पुणे येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी संस्थेची शंभरांहून अधिक हायस्कुले, तीन कॉलेजे, पाचशेंहून अधिक व्हॉलंटरी शाळा आणि सुमारे ३८ वसतिगृहे चालू होती. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ साताऱ्यास उभे आहे.

आता आपल्या घरचा विचार. ज्ञातीची वसतिगृहे काढणाऱ्या आपल्या पूर्वसूरींनी चूक केली काय? मुळीच नाही. त्यांनी ती काढली नसती तर आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा गावातच राहिले असते. शाहू महाराजांनीही तो मार्ग जाणूनबुजून पत्करला होता. परंतु वर चढण्यासाठी लावलेल्या शिडीवरच बिऱ्हाड करून राहणे शहाणपणाचे नव्हे. ज्ञातिप्रेमाचा अर्थ आपल्या मुलांस जवळ घेणे हा आहे. दुसऱ्याच्या मुलास दारातून परत पाठविणे हा नाही. या दोहोंतील अंतर फार थोडे असते आणि ते ओलांडले गेल्याचे चांगल्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. १९०८ सालच्या त्या बोर्डिंगात तेच घडले.

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहांच्या कार्यालयांत अर्जांचे गठ्ठे येतात. खोल्या मोजक्या आणि मुले पुष्कळ, हे खरे. तरीही त्यांतील काही खोल्या ज्ञातीबाहेरच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवता येतील काय आणि भोजनगृहातील पंगतीत त्यांस आपल्या मुलांच्या शेजारी पाट मांडता येईल काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने आणि देणगीदारांनी अवश्य करावा. स्नान नाकारून बोर्डिंगाबाहेर पडलेला तो तरुण आज आपल्या दाराशी आला, तर त्यास आत घेण्याइतके आपले दार रुंद आहे ना, एवढे तपासून पाहणे हीच कर्मवीरांस खरी आदरांजली ठरेल.