न्यूमोनियाचे औषध आणि हाफकिनचे सोखे

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले की लस आणि सर्पदंशावरील इंजेक्शन आठवते. जंतूंवरील दोन-तीन औषधे रुग्णालयातील रुग्णांना देऊन त्यांची तुलना करण्याचे मोठे काम याच संस्थेने केले, हे फारसे कुणाला माहीत नसते. त्यामागे होते संचालक सर साहिबसिंग सोखे.

सोखे यांचा जन्म १८८७ सालचा, पंजाबमधला. एडिंबरोला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यावर ते संशोधनाकडे वळले आणि मुंबईला हाफकिनमध्ये आले. १९३२ साली ते संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. त्यांच्या पत्नी लीला म्हणजे प्रख्यात कथ्थक नृत्यांगना मादाम मेनका. खंडाळ्याची 'नृत्यालयम्' ही संस्था त्यांचीच.

त्या काळी न्यूमोनिया झालेल्या माणसाला अंथरुणात झोपवून ताप उतरण्याची वाट पाहण्यापलीकडे फार काही करता येत नसे. १९३८ च्या सुमारास सल्फापायरिडिन आले आणि न्यूमोनियाचे मृत्यू लक्षणीय घटले. पण या गोळ्यांनी उलट्या फार होत. पाठोपाठ सल्फाथायाझोल आले. कोणते औषध अधिक चांगले, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

सोखे यांच्यापुढे तो प्लेगच्या रूपाने आला. गाठीच्या प्लेगने निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावत. हाफकिनमध्ये सल्फा औषधे आधी उंदरांवर तपासली गेली. मग मुंबई प्रांतातील प्लेगच्या रुग्णांवर ती वापरून सल्फापायरिडिन, सल्फाथायाझोल आणि प्लेगचा सीरम यांची तुलना झाली. सल्फा औषधांनी मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले आणि त्यांतही सल्फाथायाझोल उजवे ठरले. औषध नवे आहे किंवा महाग आहे एवढ्याने ते चांगले ठरत नाही. सारख्याच आजाराच्या रुग्णांत किती वाचले ते मोजावे लागते, हा त्या कामाचा धडा होता.

दुसरा धडा किमतीचा. युद्धामुळे परदेशी औषधे मिळेनाशी झाली, तेव्हा सोखे यांच्या चमूने सल्फाथायाझोल हाफकिनमध्येच तयार केले. गुणकारी औषध रुग्णाच्या हाती पडत नसेल तर ते असून नसल्यासारखे, ही त्यांची धारणा पक्की झाली. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीत आरोग्य उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, अशी शिफारस या उपसमितीने केली. आज पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या आशाताई त्याच विचाराच्या वाटेवरच्या.

१९४९ साली हाफकिन सोडल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक झाले आणि पुढे राज्यसभेवर नामनियुक्त सदस्य. मूळ औषधे सरकारी कारखान्यात, देशातच बनावीत, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि तिथे पेनिसिलिन बनू लागले.

१९७१ साली सोखे गेले. सल्फाथायाझोल मागे पडले, पण प्रश्न तोच राहिला. आज वांगणीसारख्या गावातून धाप लागलेला रुग्ण जव्हारच्या रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा डॉक्टरांपुढे प्रामुख्याने तीन पर्याय असतात. पहिला, सेफ्ट्रिअॅक्सोनसारखे इंजेक्शन एकटेच. दुसरा, त्याच्या जोडीला अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन. तिसरा, लिव्होफ्लॉक्सासिन एकटे. नेदरलँड्समधील सात रुग्णालयांत २,२८३ रुग्णांवर या तीन पद्धतींची तुलना झाली. अतिदक्षता विभागाची गरज नसलेल्या रुग्णांत पहिला, साधा पर्याय ९० दिवसांतील मृत्यूंच्या बाबतीत इतर दोन्हींपेक्षा कमी पडला नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आजार गंभीर असेल तर मात्र जोड औषध लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही चालते. न्यूमोनिया वाटलेला आजार प्रत्यक्षात क्षय असेल तर या औषधाने रुग्णाला तात्पुरते बरे वाटते, निदान लांबते आणि जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. म्हणून क्षयाचा संशय असताना ते टाळून आधी थुंकीची तपासणी करावी. खोकला, ताप आणि धाप अशी लक्षणे असतील तर दुकानातून परस्पर प्रतिजैविक न घेता रुग्णालय गाठावे, तेही याचसाठी.

सोखे यांच्या वेळची औषधे आता कपाटात नाहीत. औषध निवडताना त्याने किती माणसे वाचतात आणि ते पाड्यावरच्या माणसापर्यंत पोहोचते का, हे दोन प्रश्न मात्र आजही विचारावे लागतात.