एकच मुळी, दोन आजार

औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणे हे माझे काम. म्हणून स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव सुचले.

त्यांचा जन्म १९११ सालचा, पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण लंडनला घेऊन ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयविकाराचे डॉक्टर म्हणून नावाजले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाचे औषधच नव्हते.

सर्पगंधा मात्र आपल्याकडे जुनी. बिहारकडे तिची मुळी वेडावरचे औषध म्हणून ओळखली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की ही मुळी मन शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. पण जगाने दखल घेतली नाही. वकिलांनी चिकाटीने रुग्णांना औषध देऊन रक्तदाब मोजला, आकडे लिहून ठेवले. दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १९४९ मध्ये, ५० रुग्णांवरच्या चाचणीचा त्यांचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. तेव्हा कुठे परदेशातले डॉक्टर जागे झाले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मानसिक आजारांवरच्या औषधांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांबरोबर वकिलांनाही मिळाला. मनोविकारांच्या औषधांच्या इतिहासात एका हृदयरोगतज्ज्ञाचे नाव असे कोरले गेले.

पुढे रेसरपिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते असे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि नवी औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. पण त्याच रेसरपिनवर प्रयोग करताना स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांना मेंदूतल्या डोपामिनचे काम उमगले. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. वकील १९७४ मध्येच गेले होते.

वर्गमित्रांनो, आपल्यातल्या कित्येकांची बीपीची गोळी आता सुरू झाली असेल. संमेलनाच्या जेवणानंतर ती आपण सगळ्यांसमोर, हसत हसत घेतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र पर्सच्या तळाशी दडवतो. शिरूर काय, दौंड काय, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना आजही लोक ओळखीचे कुणी दिसत नाही ना, हे आधी बघतात. पण ज्या मुळीने बीपी उतरवला, तिनेच मनाच्या औषधांचीही वाट उघडली. मुळीला शरीर आणि मन असा भेद ठाऊक नव्हता. आपणच तो जपून ठेवला आहे.

पुढच्या भेटीत कुणी म्हणाले, “माझी मनासाठी गोळी चालू आहे,” तर आपण एवढेच विचारू या: वेळेवर घेतोस ना?