कर्नल साइक्स आणि माशांचीं मराठी नांवें

मराठींत ज्यास खडशी म्हणतात त्या मोठ्या खवल्यांच्या माशाचें इंग्रजी नांव डेक्कन महसीर असें आहे. महसीर हा शब्द इंग्रजांनीं हिंदींतून घेतला. त्याचें मूळ कोणी महाशिर, म्हणजे मोठें डोकें, असें सांगतात. कोणी फारसी माही व शेर हे शब्द जोडून माशांतील सिंह असा अर्थ करितात. तर कोणी संस्कृत महाशल्क, म्हणजे मोठ्या खवल्यांचा, या शब्दाकडे बोट दाखवितात. ज्यानें हा मासा हातीं धरला आहे त्यास तिसरें मूळ अधिक पटेल. याच माशाचें शास्त्रीय नांव मात्र टॉर खुदरी असें आहे, आणि त्यांतील खुदरी हा शब्द आपल्या मराठी मुलखांतला. तो शास्त्रांत आणणारे गृहस्थ कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे होत.

साइक्स यांचा जन्म १७९० सालीं झाला. कोवळ्या वयांतच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेंत शिरले. १८०५ सालीं ते भरतपूरच्या वेढ्यांत होते व १८१७ सालीं खडकीस पेशव्यांविरुद्ध लढले. पुढें १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनची सर्व प्रकारची माहिती जमविण्याचें काम त्यांजकडे सोंपविलें. गांवें, माणसें, पिकें, हवामान यांची मोजदाद करीत ते हिंडले. १८२९ च्या अखेरीस सरकारनें ती जागाच मोडली. दुसरा कोणी असता तर घरीं गेला असता. साइक्स यांनीं १८३१ च्या आरंभापर्यंत बिनपगारी राबून तें काम पुरें केलें.

या भटकंतींत त्यांनीं नद्यांतील मासेही जमविले. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या खुदरीचें वर्णन १८३९ सालीं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीनें छापिलें. लोकांच्या तोंडचें नांव तसेंच शास्त्रीय नांवांत ठेवावें, अशी साइक्स यांची रीत. आपल्या वैनगंगेंतला शिंगाळा शास्त्रांत सीनघाला म्हणून ओळखला जातो तो त्यामुळेंच. कित्येक माशांना त्यांनीं यॅरेल, ओवेन अशा इंग्रज पंडितांचीं नांवें दिलीं. ज्यांच्या जाळ्यांत ते सांपडले त्या भोयांपैकीं एकाचेंही नांव कोणत्याच माशास मिळालें नाहीं, ही उणीव डोळ्यांत भरते.

चांद्याचा मुलूख तेव्हां मुंबई इलाख्याबाहेर होता, व गडचिरोली त्यांतच मोडत असे. म्हणून साइक्स यांची मोजणी इकडे आली नाहीं. तरी ताडोब्याच्या रानांत टोळीनें शिकार करणारा जो कोळसून, त्याच्या दख्खनी जातीचें वर्णन त्यांनींच १८३१ सालीं केलें व दख्खनवरून तिला दुखुनेन्सिस हें नांव दिलें. विलायतेस परतल्यावर ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटांतही बसले. १८७२ सालीं ते वारले.