रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व नागपूरचे खडक

नागपूर येथील सीताबर्डीची टेंकडी इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सुपरिचित आहे. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत भोंसले व इंग्रज यांची लढाई तेथेंच झाली. परंतु त्या टेंकडीच्या खडकांत या लढाईहून कितीतरी जुना इतिहास सांठविलेला आहे. आणि तो लक्षपूर्वक वाचणारे गृहस्थ योगायोगानें त्याच १८१७ सालीं, सप्टेंबरच्या ८ तारखेस, स्कॉटलंडांतील बेरिकशायर परगण्यांत डन्स या गांवीं जन्मास आले. त्यांचें नांव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. विदर्भांत हें नांव एका महाविद्यालयामुळें सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्या नांवाच्या पुरुषानें दगडांपासून काय ज्ञान मिळविलें, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

बेरिकशायर परगण्यास भूगर्भशास्त्राच्या इतिहासांत मानाचें स्थान आहे. तेथील समुद्रकांठीं सिकर पॉइंट या ठिकाणीं जेम्स हटन यांनीं १७८८ सालीं उभ्या थरांच्या झिजलेल्या माथ्यावर दुसरे थर पसरलेले पाहिले, व पृथ्वीचें वय मनुष्याच्या कल्पनेपलीकडे मोठें आहे या आपल्या सिद्धान्तास त्यांना तेथें पुरावा मिळाला. अशा प्रांतांत वाढलेल्या हिस्लॉप यांचें उच्च शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथें झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या धर्ममंडळांत फूट पडून फ्री चर्च स्थापन झालें. हिस्लॉप त्यास मिळाले, व त्याच मंडळाचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस सपत्नीक मुंबईस उतरून १८४५ च्या आरंभीं नागपुरास आले.

त्या वेळीं नागपुरावर तिसरे रघूजी भोंसले राज्य करीत होते. आगगाडी तेथें पोहोंचण्यास अद्याप वीस वर्षांहून अधिक अवकाश होता. १८४६ सालीं हिस्लॉप यांनीं शाळा काढली. मुलांस शिकविणें, धर्मोपदेश करणें, मराठीचा अभ्यास करणें व सवड सांपडेल तेव्हां खेडोपाडीं फिरणें, हा त्यांचा क्रम ठरून गेला. १८४७ मध्यें रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. दोघांसही सृष्टिनिरीक्षणाची आवड असल्यामुळें फिरतीवरील वाट त्यांस कधीं कंटाळवाणी वाटली नाहीं. विहीर खणली जात असो, खाणींतून इमारतीचा दगड निघत असो, अथवा नाल्याची दरड कोसळलेली असो, हे दोघे तेथें थांबून पाहात असत.

नागपूरचा आसमंत या अभ्यासास फार अनुकूल आहे. थोड्या मैलांच्या अंतरांत निरनिराळ्या युगांचे खडक तेथें उघडे पडलेले आहेत. सर्वांच्या तळाशीं अतिप्राचीन स्फटिकमय खडक आहे. उत्तरेस कामठी व सिलेवाडा यांच्या बाजूस वाळूच्या दगडांचे जाड थर आहेत. हे नद्यांनीं वाहून आणलेल्या वाळूचे व चिखलाचे बनलेले आहेत. पश्चिमेकडे दख्खनचा काळा फत्तर आरंभ होतो. हा पृथ्वीच्या पोटांतून वर आलेल्या तप्त रसाचा थिजून झालेला आहे. एकट्या सीताबर्डीच्या टेंकडींतही पायथ्याचा स्फटिकमय खडक, माथ्याचा काळा फत्तर व दोहोंच्या मध्यें गाळाचा पातळ थर, अशी रचना दिसते.

वाळूच्या दगडांत हिस्लॉप व हंटर यांस पानांचे ठसे सांपडले. पान जिभेच्या आकाराचें, मधोमध ठळक शीर व तिच्या दोन्ही बाजूंस बारीक शिरांचें जाळें, अशी ही वनस्पती होती. तिला ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. ग्रीक भाषेंत जिभेस जो शब्द आहे त्यावरूनच हें नांव पडलें. पान चिखलांत पडावें, वर गाळ सांचून हवा बंद व्हावी, आणि कालांतरानें चिखलाचा दगड होऊन पानाची आकृति मात्र तशीच राहावी, असा हा प्रकार आहे. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें ६० मैलांवर मांगली या गांवच्या दगडांतून त्यांनीं बेडकाच्या वर्गांतील एका मोठ्या प्राण्याची कवटी मिळविली. तिचें वर्णन लंडन येथें रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शास्त्रज्ञांनीं १८५५ मध्यें केलें, व रुंद मस्तकावरून त्या प्राण्यास ब्राकिऑप्स लॅटिसेप्स असें नांव दिलें.

काळ्या फत्तरांतील शोध याहूनही कौतुकाचा आहे. त्या फत्तराच्या दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें गाळाचा थर सांपडतो व त्यांत शंख असतात, हें डॉक्टर मालकमसन यांनीं पूर्वींच दाखविलें होतें. नागपूरजवळ टाकळी येथें हिस्लॉप व हंटर यांस अशा थरांत शंखांच्या जोडीला फळें, बिया, लांकडाचे तुकडे, इतकेंच नव्हे तर भुंगेऱ्यांच्या पाठीवरील कठीण पंखही सांपडले. शंख होते ते गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे. यावरून एक गोष्ट उघड झाली. ज्या भूमीवर तप्त रस पसरत होता ती समुद्राखालीं नव्हती. तेथें तळीं होतीं व त्यांच्या कांठीं झाडें होतीं. आज आपणांस असें कळलें आहे कीं, एक लोट थिजल्यावर मध्यंतरीं शांततेचा काळ येई. खळग्यांत पाणी सांचून जीव नांदूं लागत. मग दुसरा लोट येऊन सर्व झांकून टाकी. खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यांत विरघळलेली गारगोटी बियांच्या व लांकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसली, म्हणून त्यांचा आंतील भागही टिकला. या उत्पाताचा काळ सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा ठरला आहे.

या सर्व निरीक्षणांचा वृत्तांत हिस्लॉप व हंटर यांनीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेस पाठविला, व तो तिच्या नियतकालिकांत १८५५ सालीं छापला गेला. काळ्या फत्तरांतील थरांवर हिस्लॉप यांचा दुसरा निबंध १८६० मध्यें निघाला. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथून त्यांनीं प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचीं हाडें गोळा केलीं. गोदावरीच्या खोऱ्यांतील मलेरी येथें मिळालेल्या एका प्राचीन सुसरीसारख्या प्राण्यास पुढें १८८५ मध्यें पॅरासुकस हिस्लॉपी असें त्यांचें नांव देण्यांत आलें. हिरव्या छटेच्या एका खनिजासही हिस्लॉपाइट हें नांव मिळालें.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. हिस्लॉप यांचे सर्वच निष्कर्ष खरे ठरले नाहींत. नागपूरच्या वाळूच्या दगडांतील व बंगालच्या कोळशाच्या थरांतील वनस्पति एकाच वर्गाच्या आहेत, हें त्यांनीं बरोबर ओळखलें. परंतु इंग्लंडांतील कांहीं अवशेषांशीं त्यांचें साम्य पाहून हे सर्व थर ज्युरासिक युगाचे असावेत, असें त्यांनीं प्रतिपादिलें. पुढील संशोधनानें कोळशाचे थर त्याहून बरेच जुने, सुमारें २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वींचे, असल्याचें सिद्ध झालें. तसेंच काळ्या फत्तरांतील थर त्यांस वाटले त्याहून कांहींसे जुने निघाले. पण यामुळें त्यांच्या श्रमांस उणेपणा येत नाहीं. कोणता अवशेष कोणत्या गांवच्या कोणत्या थरांतून काढला, याची नोंद त्यांनीं प्रामाणिकपणें ठेविली होती. म्हणूनच मागून आलेल्यांस त्यांची चूक दुरुस्त करतां आली. अनुमान बदललें, पण पुरावा राहिला.

त्या पुराव्याचें मोल किती वाढलें तें पाहा. मेडलिकॉट यांनीं १८७२ मध्यें कोळशाच्या या थरांस गोंड लोकांच्या देशावरून गोंडवन असें नांव दिलें. तींच जिभेसारखीं पानें आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथील खडकांतही आढळलीं. असे दूरदूरचे भूभाग एके काळीं जोडलेले असावेत असें मानून एडवर्ड झ्यूस यांनीं १८८५ सालीं त्या प्राचीन भूमीस गोंडवनभूमि म्हटलें. १९१२ मध्यें कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परततांना मरण पावले. त्यांच्या सामानांत सुमारें १६ किलो वजनाचे दगड सांपडले, व त्यांतही ग्लॉसॉप्टेरिसचें पान होतें. सिलेवाड्याच्या खाणींतील पान आणि ध्रुवाजवळील बर्फांतील पान एकाच कुळाचें निघालें. खंडें सरकतात हें आज सर्वमान्य झालेलें तत्त्व ज्या पुराव्यांवर उभें आहे, त्यांत या पानाची गणना होते.

हिस्लॉप यांचें लक्ष केवळ दगडांवरच होतें असें नाहीं. त्या दगडांच्या प्रदेशांत राहणाऱ्या गोंड लोकांची भाषा, चालीरीति व लिंगो या त्यांच्या पूर्वजाचें गीत यांचीही त्यांनीं टिपणें केलीं. खडक असो कीं मनुष्य असो, जो कोणी विचारीत नाहीं त्याची विचारपूस करावी, हा त्यांचा स्वभावच होता.

हाच स्वभाव त्यांस शेवटच्या दिवशीं बाहेर घेऊन गेला. मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले होते. तो १८६३ च्या सप्टेंबरचा ४ था दिवस. मंडळी पुढें गेली असतां हिस्लॉप बोरी येथील शाळा पाहण्यासाठीं मागें राहिले. पावसानें नाल्यास पूर आला होता. तो घोड्यावरून ओलांडतांना ते वाहून गेले. सेहेचाळीस वर्षें पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते. त्यांचीं टिपणें टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि त्यांनीं लावलेल्या रोपट्यांतून १८८३ सालीं हिस्लॉप महाविद्यालय उदयास आलें.

विद्यार्थी मित्रहो, हिस्लॉप यांचा व्यवसाय शिक्षकाचा व उपदेशकाचा होता. शास्त्राभ्यासास त्यांस मिळाला तो नित्याच्या कामांतून उरलेला वेळ. त्यांचीं साधनें म्हणजे डोळे, हातोडा व टिपणवही. सृष्टि ही ईश्वराची कृति आहे असें मानणाऱ्या या पुरुषानें तिचें निरीक्षण करण्यांत कसूर केली नाहीं. आपल्या शाळेच्या वाटेवरही दगड आहेत. त्यांतील एखादा उचलून तो कोठून आला, त्याच्या खालीं काय आहे व वर काय आहे, असें आपण विचारूं लागलों आणि जें दिसलें तेंच लिहून ठेवलें, तर या थोर शिक्षकाच्या शाळेंत आपणही बसलों असें होईल.