जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील ईमेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या नियमावलीचे लेखक आणि आरएफसी दस्तऐवजमालेचे संपादक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ॲल्टाडेना येथे झाला. लॉस एंजेलसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) शिकत असताना १९६९ मध्ये आर्पानेटचे पहिले केंद्र तेथेच सुरू झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या आरएफसी मालेचे संपादन त्यांच्याकडे आले व ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९७४ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेत होते.

ईमेलचे मार्ग

आर्पानेटवर ईमेल सुरुवातीला फाइल पाठविण्याच्या एफटीपी या नियमावलीच्या आधाराने जात असे. जाळे एकच होते तोवर हे चालून गेले. इतर जाळी निर्माण होताच प्रश्न उभा राहिला : आर्पानेटच्या यादीत ज्या संगणकाचे नावच नाही, त्यावरील माणसाचा पत्ता लिहायचा कसा? एप्रिल १९७९ मधील आरएफसी ७५४ मध्ये पोस्टेल यांनी याच प्रश्नाचा विचार केला. यूयूसीपी जाळ्यात तर वाटेतील प्रत्येक संगणकाचे नाव पाठविणाऱ्यालाच क्रमाने लिहावे लागे. त्यातील एक दुवा बंद पडला की संदेश अडकत असे.

ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध झालेल्या एसएमटीपीमध्ये ईमेल फाइल-वहनापासून वेगळा झाला. तीत पुढचा मार्ग आणि परतीचा मार्ग अशा दोन नोंदी होत्या. संदेश पुढे पाठविताना मधला संगणक पुढच्या मार्गातून स्वतःचे नाव काढून परतीच्या मार्गाच्या आरंभी जोडत असे. त्यामुळे वाटेत अडथळा आला, तरी पत्र पोहोचले नाही ही सूचना मूळ प्रेषकापर्यंत परत जाऊ शके. एखादे पत्र स्वीकारल्यावर ते पोहोचविण्याची अथवा अपयश कळविण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची, हा या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणावा लागेल. एकाच संगणकावरील अनेकांसाठी मजकुराची एकच प्रत पुरे, ही सोयही तीत होती.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले. त्या संक्रमणाची योजनाही (आरएफसी ८०१) पोस्टेल यांचीच होती. जुन्या व नव्या पद्धतीच्या संगणकांत ईमेलची देवाणघेवाण करणारे मध्यस्थ संगणक तीत सुचविले होते. पुढे पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेली डोमेन नाव प्रणाली आणि १९८६ मधील एमएक्स नोंदी यांमुळे मार्ग शोधण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले, आणि १९८९ मध्ये पत्त्यात मार्ग लिहिण्याची पद्धत वापरू नये असे ठरले. व्यावसायिक ईमेल सेवा मात्र बराच काळ वेगळ्या होत्या. एमसीआय मेलसारख्या सेवांशी इंटरनेट जोडणारी इंटरमेल ही प्रायोगिक सेवा पोस्टेल यांच्याच संस्थेत चालत असे.

अखेरची वर्षे

इंटरनेटवरील क्रमांक व नावांचे वाटप करणारी आयएएनए ही यंत्रणा बहुतांशी पोस्टेल यांच्यावरील विश्वासावर चालत होती. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी मूळ नाव-सर्व्हर चालविणाऱ्या आठ चालकांना आपल्या संस्थेच्या संगणकावरून माहिती घेण्यास सांगितले. चालकांनी ते मानले. अमेरिकी सरकारने हरकत घेतल्यावर ही चाचणी होती असे सांगून पोस्टेल यांनी बदल मागे घेतला. त्याच वर्षी हे काम सांभाळण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेनंतर काही आठवड्यांतच, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांच्यावरील व्हिंट सर्फ यांचा श्रद्धांजलीपर लेख आरएफसी २४६८ म्हणून त्याच मालेत प्रसिद्ध झाला.